मुक्कामाची जागा ठरवण्याआधी तिथून निघायची वेळ ठरवा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकलं असेल तर सांगता येईल. बोट 22 फुटी, शिडाची, जुळ्या कीलची (कील म्हणजे तळाखाली उतरलेला जड पंखा, तुमच्या बोटीला असे दोन), पाण्याखाली 70 सेंटिमीटर, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. उपसागरात उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास, सहा मीटरचा चढउतार; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तीन. तुम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी, तीन दिवस, दोन मुक्काम. पहिला मुक्काम खाडीच्या आत, तोंडावरचा वाळूचा बांध ओलांडून. दुसरा बेटाच्या आडोशाला, नांगरावर. रोज साधारण 15 सागरी मैल. तुम्ही विचारताय की एवढं अंतर झेपेल का, आणि या दोनपैकी जास्त सुरक्षित जागा कुठली.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याआधी एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय, "बांधावर नकाशात 3.5 लिहून खाली रेघ मारली आहे, म्हणजे साडेतीन मीटर पाणी आहे, मग काळजी नाही." ती रेघ नजरेआड करू नका. सागरी नकाशावर रेघ नसलेला आकडा म्हणजे नीचांकी ओहोटीलाही तिथे उरणारं पाणी. आकड्याखाली रेघ असली की अर्थ बरोबर उलटा: ती जमीन नीचांकी पातळीच्या साडेतीन मीटर वर आहे. म्हणजे तुमचा बांध ओहोटीला कोरडा पडतो, त्यावर माणसं चालतात. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही. मी बारा वर्षं शिकवतोय, आणि दर तुकडीत एक जण तरी त्या रेघेवरून बोट नेतो, सुदैवाने कागदावर.

आता मूळ मुद्दा. भरती-ओहोटीच्या पाण्यात "जागा सुरक्षित आहे का" हा प्रश्न अर्धाच असतो. तीच जागा सकाळी दहाला घरासारखी असते आणि दुपारी चारला सापळा होते. म्हणून मी मुक्काम निवडताना आधी विचारतो: इथून मला कधी निघता येईल? आणि त्या वेळी निघणं जमलं नाही, तर पुढची संधी किती तासांनी, की किती दिवसांनी? याचं उत्तर पटलं तरच आत जाण्याचा विचार.

तुमच्या बांधाचंच गणित करू. बोटीला 70 सेंटिमीटर, त्यावर अर्धा मीटर हाताशी ठेवू, आणि बांध साडेतीन मीटर. तेव्हा ओलांडायला पाण्याची उंची हवी 4.7 मीटर. उधाणाला समजा ओहोटी 0.5 आणि भरती 6.5. पाणी तासातासाला सारखं चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्याला आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. सहा मीटरच्या चढाला हे झालं अर्धा, एक, दीड, दीड, एक, अर्धा. तर 4.7 ची उंची येते भरतीच्या सव्वादोन तास आधी, आणि उतरताना जाते सव्वादोन तासांनी. एकूण साडेचार तासांचं दार.

भांगाला काय होतं बघा. ओहोटी 2, भरती 5. कागदावर ओहोटीला पाणी जास्त, म्हणून लोकांना भांग सोपा वाटतो. पण 4.7 गाठायला पाण्याला जवळजवळ माथ्यापर्यंत चढावं लागतं. दार उघडतं भरतीच्या तासभर आधी आणि तासाभराने बंद. त्यातही माथ्यावर तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त पाणी फक्त 30 सेंटिमीटर. हवेचा दाब नेहमीच्या 1013 ऐवजी 1033 हेक्टोपास्कल असेल तर समुद्र तेवढ्यानेच सुमारे 20 सेंटिमीटर खाली दबतो, कारण एका हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर असा हिशोब आहे. तक्त्यात छापलेली भरती ही सरासरी दाबाची भरती. म्हणजे छान, स्वच्छ, स्थिर हवेच्या दिवशी तुमच्या कीलखालचं पाणी गुपचूप कमी झालेलं असतं.

हा बाराव्या हिश्श्यांचा नियमही सगळीकडे लागू पडत नाही. उपसागर आत निमुळता आणि उथळ होत गेला की भरती कमी वेळात जोराने चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. कॅनडाच्या फंडी उपसागरात चढउतार सोळा मीटरच्या आसपास जातो, कारण त्या उपसागरातलं पाणी स्वतःहून जितक्या तासांनी आतबाहेर हेलकावतं (साधारण तेरा तास), तो काळ भरतीच्या साडेबारा तासांच्या अगदी जवळ आहे. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसं. खंबातच्या आखातात किंवा फ्रान्सच्या माँ-सँ-मिशेलजवळही असे मोठे आकडे दिसतात. तुमचा सहा मीटरचा उपसागर यापुढे सौम्य, पण आतल्या टोकाला गणितापेक्षा घड्याळ पुढे धावू शकतं. स्थानिक तक्त्यात तासातासाची वक्ररेषा दिलेली असेल तर माझा नियम बाजूला ठेवा.

अंतराचं उत्तर त्यामानाने सोपं. तुमची बोट चार नॉटने, म्हणजे ताशी चार सागरी मैलांनी, चालते म्हणा. भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा वेग सरासरी दीड नॉट धरला, तर प्रवाहाबरोबर साडेपाच नॉट, म्हणजे 15 मैलांना पावणेतीन तास. प्रवाहाविरुद्ध अडीच नॉट, म्हणजे त्याच अंतराला सहा तास, आणि तेवढ्यात दारही बंद झालेलं. त्यामुळे "पंधरा मैल जमतील का" याचं उत्तर "कुठल्या सहा तासांत" यावर आहे. मैल मोजून दिवस आखू नका. दिवसाची एक अनुकूल धार, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह, घ्या आणि ती संपायच्या आत नांगर टाका.

आता वारा. उथळ पाण्यात वारा आणि धार समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. दहा-बारा नॉटचा वारा, ज्याला एरवी तुम्ही मजेचा म्हणाल, तो खाडीच्या तोंडावर ओहोटीला समोर आला तर 22 फुटी बोटीत मुलगी रडायला लागेल. आणि हे योगायोगाने होत नाही. एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती कायम घड्याळाच्या ठरावीक वेळेलाच येते. कोकण किनाऱ्यावर जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, अष्टमीला सहा, पौर्णिमेला-अमावस्येला बाराच्या आगेमागे, ते याच जोरावर. हा हिशोब दुसऱ्या किनाऱ्यावर उचलून नेता येत नाही, पण तत्त्व नेता येतं. उधाणाची भरती बाराला येणाऱ्या ठिकाणी उधाणाच्या प्रत्येक दुपारी ओहोटी बाहेर निघते आणि त्याच वेळी खारे वारे आत येतात. रोज दुपारी तोंडावर तीच कटकट. भरती सहाला येणाऱ्या ठिकाणी उलट, दुपारभर पाणीही आत आणि वाराही आत.

तुमच्या उपसागरात उधाणाची भरती किती वाजता येते हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या उत्तरातला निम्मा भाग त्यावर अवलंबून आहे, म्हणून पुढचं सगळं थोडं सैल धरा.

तिथी कुठली घ्यावी याबाबत मात्र मी हट्टी आहे. भांग संपून पाणी चढत चाललंय अशा दिवसांत निघा. भांग अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, तेव्हा दशमी ते द्वादशी चांगली. कारण एकच: चढत्या दिवसांत रुतलात तर पुढची भरती आधीच्याहून मोठी असते, ती तुम्हाला उचलते. उतरत्या दिवसांत रुतलात तर प्रत्येक भरती आधीच्याहून लहान.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शिकायला लागून चारेक वर्षं झाली होती. पौर्णिमेनंतरची सगळ्यात मोठी भरती होऊन गेली होती, दुसऱ्या दिवशी भरतीच्या माथ्यावर मी एका बांधाच्या कडेने आत घुसत होतो. पाणी इतकं भरलेलं की किनाऱ्यावरचं गवत बुडालेलं. कील लागली ती इतकी हळू, की मला वाटलं वारा पडला. शीड भरलेलं, झेंडा फडफडतोय आणि किनाऱ्यावरचं झाड मात्र जागचं हलत नाही. वल्ह्याने रेटलं, इंजिन मागे टाकलं, मित्र गुडघाभर पाण्यात उतरून ढकलत होता. वीस मिनिटांनी पाणी त्याच्या घोट्याला आलं. रात्रीची भरती बारा सेंटिमीटरने लहान. दुसऱ्या दिवशीची त्याहून लहान. पाच दिवसांनी तर भरतीचं पाणी बोटीपर्यंत पोचतही नव्हतं, ती गवताच्या कडेला म्हशीसारखी बसून होती. आम्ही घरी गेलो, कामावर गेलो, पुढच्या अमावस्येला परत आलो, दूरवर खोल पाण्यात नांगर टाकून ठेवला आणि दोरी ओढत-ओढत तिला बाहेर काढली. तेरा दिवस. तेव्हापासून भरतीच्या अगदी माथ्यावर मी अनोळखी ठिकाणी आत शिरत नाही. पाणी चढत असताना, माथ्याच्या तासभर आधी जातो. लागलोच तर कपभर चहा होईतो तरंगतो.

यावरून तुमच्या बेतात मी एक उलटापालट सुचवेन: बेट पहिल्या रात्री, खाडी दुसऱ्या रात्री. दशमीला धार मंद असते, त्यामुळे बेटाच्या आडोशाला नांगर शांत राहील. आणि खाडीत शिराल तोवर पाणी एक दिवस जास्त चढलेलं असेल, निघताना आणखी. बांधाचं दार रोज थोडं रुंद होत जाईल. अट एवढीच की ते दार उजेडात उघडलं पाहिजे. उधाणाची भरती सहाला येत असेल तर भांगाची दुपारच्या सुमारास येते, छानच. बाराला येत असेल तर भांगाची सकाळ-संध्याकाळ सहा-सातला, आणि एकादशीपर्यंत ती आठकडे सरकते, कारण रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर. अंधारात अनोळखी बांध ओलांडायचा असेल तर खाडीचा मुक्काम सोडून द्या, दोन्ही रात्री बेटाजवळ काढा. त्यात कमीपणा नाही.

बेटाजवळच्या नांगराबद्दल. तिथे नीचांकी पातळीला दोन मीटर पाणी आहे म्हणता. ओहोटीला पोचलात की अडीच-चार मीटर दिसेल आणि पंधरा मीटर साखळी सोडून समाधान वाटेल. पण साखळी मोजायची ती मुक्कामातल्या सगळ्यात उंच पाण्याला. भांगाच्या भरतीला 2 अधिक 5, त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 80 सेंटिमीटर: 7.8 मीटर. साखळी असेल तर चौपट, म्हणजे 31 मीटर. नुसता दोर असेल तर सातपट, म्हणजे 55. उधाणाला हेच आकडे 37 आणि 65 होतात. तुमच्या आकाराच्या बोटीत कारखान्यातून येणारा दोर बहुतेक वेळा 30 मीटरचा असतो. निघण्याआधी तो डेकवर पसरून मोजा. आणि एवढा दोर सोडल्यावर ओहोटीला बोट केवढं रिंगण घेईल तेही बघा. त्या रिंगणात खडक किंवा दुसऱ्याची बोट नको.

धार दर सहा तासांनी फिरते, तेव्हा बोटही फिरते, आणि नांगर उलट बाजूने ओढला जातो. बहुतेक वेळा तो पुन्हा रुततो. कधीकधी आधी उपटतो, मग फरफटतो. म्हणून पहिल्या रात्री धार फिरायच्या वेळेचा गजर लावून मी उठतो, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आहेत का बघतो आणि दहा मिनिटांत परत झोपतो. वारा धारेविरुद्ध असेल तर बोट आडवी-तिडवी होऊन स्वतःच्याच दोरावर चढते, त्याला सुकाणू मधोमध बांधून ठेवणं हा अर्धा उपाय. पूर्ण उपाय मला अजून सापडलेला नाही.

आता खाडीत तळाला बसण्याबद्दल, कारण जुळ्या कीलच्या बोटीचं खरं सुख तेच. ओहोटीला ती दोन पायांवर उभी राहते, आत सगळं सपाट, भांडं घसरत नाही. उत्तर समुद्राच्या वाडेन किनाऱ्यावर तर सपाट तळाच्या बोटी मुद्दाम अशा वाळूवर बसवून रात्र काढतात. पण जागा आधी कोरडी असताना पाहिलेली हवी. वाळूवर बारीक सुरकुत्या असतील तर ती बहुधा घट्ट. आरशासारखा चकाकणारा गाळ दिसला तर त्यात काठी खुपसून बघा. काठी परत ओढताना चप्पल निघाल्यासारखा आवाज आला तर बोट तिथे बसवू नका. एक कील घट्ट वाळूत, दुसरी गाळात, असं झालं की बोट कलते आणि कलतच राहते. जुने खुंट, साखळ्या, दगड शोधा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा नांगर कुठे पडलाय ते लक्षात ठेवा. त्याच्यावरच बसलेल्या दोन बोटी मी पाहिल्यात.

बसताना आणि उठताना पंधरा-वीस मिनिटं वाईट असतात. बोट पूर्ण तरंगत नाही, पूर्ण टेकत नाही, आणि छोट्या लाटेवरही कील तळाला ठकठक आपटते. रात्री आत झोपलेल्याला तो आवाज लाकडी जिन्यावरून कुणी ट्रंक ओढत नेतंय असा वाटतो. मुलीला आधी सांगून ठेवा. शांत खाडीत हे निभतं. बाहेरून लाटेची उसळ आत येत असेल तर तिथे बसूच नका, कील आणि तळ यांचा सांधा त्यानेच खिळखिळा होतो. टेकण्याआधी आउटबोर्ड वर उचला, नाहीतर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याऐवजी गाळ ओढेल.

बोट कोरडी पडली की मुलीला उतरून चालावंसं वाटेल. बोटीभोवती फिरू द्या, लांब नको. सपाट पुळणीवर भरती समोरून येत नाही, आधी मागच्या चरांमधून भरते, आणि तुम्ही उभे असता त्या उंचवट्याचं बेट होतं. इंग्लंडच्या मोरकॅम उपसागरात 2004 च्या फेब्रुवारीत शिंपले वेचणारे वीसहून जास्त कामगार असेच रात्री अडकून बुडाले. ओहोटी पूर्ण लागायच्या आत बोटीकडे परतायचं, हा आमच्या घरचा नियम.

खाडीत धक्का असेल आणि त्याला बोट बांधणार असाल तर दोर लांब ठेवा, चढउताराच्या निदान तिप्पट, आणि पुढचे-मागचे दोर दूरवर तिरके न्या. भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीला धक्क्याला लोंबकळते. लाइफ जॅकेट, रेडिओचं 16 नंबरचं चॅनल, आणि किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून जाणं, हे तुम्ही करतच असाल असं धरतो.

तक्ता वाचताना दोन गोष्टी तपासा. तो कुठल्या बंदराचा आहे, कारण तुमच्या खाडीची वेळ मुख्य बंदरापेक्षा अर्धा-पाऊण तास मागेपुढे असू शकते. आणि घड्याळ कुठलं आहे. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, पण छापील तक्ता जुन्याच वेळेवर असतो. दोन तासांच्या दारासाठी एक तासाची चूक फार मोठी.

मला तीन गोष्टी कळवा: पौर्णिमेला तुमच्याकडे भरती किती वाजता येते, खाडीचं तोंड कुठल्या दिशेला उघडतं, आणि नांगराच्या दोराची मोजलेली लांबी. अंदाजाने सांगू नका, डेकवर पसरून टेप लावा. त्यावर कुठल्या तारखेला किती वाजता निघायचं ते मांडून देतो.